बोलण्याचा हक्क आणि कोर्ट: सांगली-साताऱ्याहून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी सांगलीत वकिली करतो. कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर आणि रात्री साडेदहानंतर व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केलेत. विचारणाऱ्यांची नावं-गावं काढून टाकलीत. तुमच्यावर गुन्हा दाखल झालाच असेल तर आधी प्रश्न ४ वाचा, बाकीचं सवडीने.

१. "घटनेने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय" असं सगळेच म्हणतात. नेमकं लिहिलंय काय?

कलम १९(१)(अ) म्हणतं की सर्व नागरिकांना भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. हक्क एका ओळीत संपतो. त्याला लगाम घालणारं १९(२) मात्र लांबलचक आहे. सरकार कायदा करून या हक्कावर वाजवी निर्बंध घालू शकतं, पण ठरलेल्या आठच कारणांसाठी: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी.

ही यादी पहिल्यापासून अशी नव्हती. १९५० मध्ये मुंबई आणि दिल्लीतल्या दोन साप्ताहिकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण तुमच्या यादीत नाही. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ते कारण आत आलं. त्याच दुरुस्तीने 'वाजवी' हा शब्दही आला, आणि आज निम्मे खटले त्या एका शब्दावर लढवले जातात. सार्वभौमत्व आणि एकात्मता १९६३ मध्ये जोडली गेली.

यादीत काय नाही, हेही बघा. 'जनहित' नाही. पुण्याच्या 'सकाळ'ने १९६१ मध्ये याच मुद्द्यावर खटला जिंकला. किती पानांचा अंक किती पैशांना विकायचा हे सरकार ठरवू पाहत होतं, आणि लहान वृत्तपत्रं जगावीत म्हणून हे करतोय असं सांगत होतं. कोर्ट म्हणालं, धंद्यावर जनहितासाठी बंधन घालता येतं, पण धंद्याच्या नावाखाली मजकुराची पानं आणि खप कमी करता येत नाही. 'भावना दुखावणं' हे कारणही यादीत नाही. त्यावर प्रश्न ३.

२. निर्बंध 'वाजवी' आहे की नाही हे कोर्ट कसं ओळखतं?

मोजपट्टी एकच नाही, पण तीन गोष्टी हमखास विचारल्या जातात. बंदीमागे कायदा आहे की नुसता साहेबांचा फोन? कारण त्या आठांपैकी आहे का? आणि बोललेला शब्द व होणारा गोंधळ यांच्यात अंतर किती?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला चटकन पटेल असा एक निकाल १९६० चा आहे. उत्तर प्रदेशात पाटबंधाऱ्याचे दर वाढले. वाढीव पाणीपट्टी भरू नका, असं राममनोहर लोहियांनी शेतकऱ्यांना सांगितलं. सरकारने अटक केली. सरकारचा युक्तिवाद असा, की आज पाणीपट्टी बुडवतील, उद्या सगळेच कर बुडवतील, परवा बंड होईल. कोर्टाने ही साखळी मानली नाही. संबंध जवळचा आणि थेट हवा. ओढूनताणून जुळवलेला चालत नाही.

१९८९ च्या रंगराजन निकालात हेच वेगळ्या शब्दांत आलं: दारूगोळ्याच्या कोठारात पडलेली ठिणगी असावी, इतका तो शब्द धोक्याशी जोडलेला हवा. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने आणखी सोपं केलं. चर्चा करणं एक, एखाद्या मताचा पुरस्कार करणं दुसरं आणि चिथावणी देणं तिसरं. पहिल्या दोन पायऱ्यांवर, मत कितीही कडू असलं तरी, हात लावायचा नाही. याच निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम, रद्द झालं. एवढं होऊनही पोलीस ते लावत राहिले, म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तुमच्या कागदावर ६६अ दिसलं तर वकिलाला पहिल्यांदा तेच दाखवा.

३. आमच्या भावना दुखावल्या तर गुन्हा होतो ना?

आपोआप नाही. पूर्वीचं २९५अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, धार्मिक भावनांबद्दल आहे. पण त्यात 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने' हे शब्द आहेत. १९५७ मध्ये पाच न्यायाधीशांनी हे कलम वैध ठरवलं ते याच शब्दांच्या जोरावर. दोन समाजांत तेढ लावण्याचं कलम वेगळं: पूर्वीचं १५३अ, आता १९६. तिथे दोन गट लागतात. एकाच गटाला राग आला म्हणून ते लागत नाही.

आणि राग कुणाचा मोजायचा? इथे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये लावलेली कसोटी आजही चालते. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसावर काय होईल ते पाहायचं. जिथे तिथे शत्रू दिसणाऱ्या डळमळीत माणसावर नाही.

साताऱ्यातून हमखास येणारा उपप्रश्न शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचा असतो. तेढीचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला आणि पुस्तक जप्तीची अधिसूचना रद्द झाली तेही २०१० मध्ये कायम ठेवलं. मजकूर बरोबर होता असा याचा अर्थ लावू नका. मला तर तो बिलकूल पटलेला नाही. कोर्टापुढचा प्रश्न एवढाच होता की कोणत्या दोन समाजांत तेढ होतेय, आणि अधिसूचनेत त्याचं उत्तरच नव्हतं.

४. स्टेटसवरून माझ्यावर गुन्हा दाखल झालाय. आता काय?

तासगाव भागातला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसता चार्जर होता. मोबाईल पंचनाम्यात जमा. स्टेटस म्हणजे एक व्यंगचित्र आणि पुढे हसणारी इमोजी. चोवीस तासांनी ते आपोआप गेलं, पण त्याचा स्क्रीनशॉट तीन प्रतींत फाईलला लागला. त्याची खरी काळजी गुन्ह्याची नव्हतीच. भरतीचा ओटीपी त्याच नंबरवर येणार होता. पहिलं काम काय केलं, तर त्याला दुसरं सिम काढायला पाठवलं.

आता कायदा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येतं. नोटीस आली तर जा. न जाणं हेच पुढे अटकेचं कारण होतं. मोबाईल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, परत मागता येतो. पोस्ट घाईघाईने डिलीट करू नका. तुमच्या बाजूचा संदर्भही त्यातच असतो, आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप फुकटचा अंगाला चिकटतो.

दोन निकाल जवळ ठेवा. पहिला शेजारचाच आहे, हातकणंगले पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्याचा: जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ७ मार्च २०२४. एका प्राध्यापकाने स्टेटसला ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने केला. सरकारच्या निर्णयाचा निषेध करणं हा हक्क आहे, आणि अशा प्रकरणांत पोलिसांनाच घटना समजावून सांगायची वेळ आली आहे, असं कोर्टाने लिहिलं. दुसरा २८ मार्च २०२५ चा, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेल्या गुन्ह्याचा. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात सांगितलं आहे. तुमच्या बाबतीत ती झाली का, हे पहिल्याच तारखेला विचारा.

हजाम खटल्यात गुन्हा ऑगस्ट २०२२ चा होता. हातकणंगले ते दिल्ली दीड वर्ष लागलं. निकाल आपल्या बाजूने लागला तरी ते दीड वर्ष कुणी भरून देत नाही, हे मी पक्षकाराला आधीच सांगतो.

५. मी गावच्या ग्रुपचा ॲडमिन. दुसऱ्याने काही टाकलं तर मी अडकतो का?

फक्त ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. सदस्याबरोबर तुमचा आधीचा कट किंवा समान हेतू दिसला पाहिजे. ती पोस्ट तुम्हीच पुढे ढकललीत तर मात्र तुम्ही ॲडमिन राहत नाही, लेखक होता.

६. ग्रामपंचायतीच्या कामावर लिहिलं तर सरपंच म्हणतात, पोलिसात बदनामीची केस टाकतो.

पोलिसात ती टाकता येत नाही. बदनामी, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे. सरपंचांना स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. त्याची मुदत एक वर्ष.

१९९४ च्या राजगोपाल निकालात दोन कामाच्या गोष्टी आहेत. ग्रामपंचायत, नगरपालिका अशा संस्थांना स्वतःच्या बदनामीबद्दल भरपाईचा दावा करता येत नाही. आणि पदाधिकाऱ्याच्या सरकारी कामावरची टीका असेल तर विधान खोटं होतं आणि खऱ्या-खोट्याची जराही पर्वा न करता केलं, हे त्याला दाखवावं लागतं. घरगुती गोष्टींना हे संरक्षण नाही. सरपंचांच्या सुनेबद्दल लिहून माझ्याकडे येऊ नका.

आता लिहायचं कसं? "गटारीच्या कामात पैसे खाल्ले" ही बदनामी ठरू शकते. "एमबीत (कामाच्या मोजमाप पुस्तकात) १२० मीटर दाखवलंय, टेपने मोजलं तर ९० भरलं" ही माहिती आहे, आणि सरपंचांना जास्त झोंबणारी. एमबीची प्रत माहिती अधिकारात मिळते. फौजदारीत एक खाच आहे: नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी लिहिलं हेही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात खरेपणा पुरतो.

फौजदारी बदनामी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवली. अब्रूसाठी तुरुंग हा हिशेब मला अजून पटलेला नाही, पण आज कायदा तोच आहे.

७. सरकारविरुद्ध बोलणं म्हणजे राजद्रोह?

नाही. १९६२ च्या केदारनाथ निकालापासून राजद्रोहासाठी हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी लागते. एका व्यंगचित्रकाराच्या अटकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महाराष्ट्र पोलिसांना हेच लागू केलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं जुनं कलम १२४अ थांबवून ठेवलं. नव्या संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे आणि त्याची भाषा जुन्यापेक्षा सैल आहे. त्याला केदारनाथची वेसण लागेलच, असं आम्ही वकील कोर्टापुढे मांडतो आहोत.

८. पुस्तक छापायला परवानगी लागत नाही, मग नाटकाची संहिता का मंजूर करून घ्यायची?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे 'सीता स्वयंवर' केलं त्या गावातून हा प्रश्न येणारच. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला आणि इंग्रजांनी १९१० मध्ये नाटक बंद केलं. हातात १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता. तो आपल्या संसदेने रद्द केला २०१८ च्या सुरुवातीला. म्हणजे इंग्रज गेल्यावर सत्तर वर्षांनी.

पण आपल्याकडची पूर्वपरवानगी त्या कायद्यातून येत नाही. ती येते महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांतून, आणि संहिता जाते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे. छापील शब्दाची पूर्वतपासणी कोर्टाने १९५० मध्येच अडवली. सिनेमाला मात्र १९७० च्या अब्बास निकालात वेगळा न्याय मिळाला: चित्र आणि आवाज मनावर जास्त पकड घेतात, म्हणून आधी तपासणं वाजवी. नाटक या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिलं. जिवंत माणसाने उच्चारलेला शब्द छापलेल्या शब्दापेक्षा धोकादायक का, याचं धड उत्तर मला कुठल्याही निकालात सापडलेलं नाही.

मंडळाचा शब्द अंतिम नसतो. १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सल्ला एवढाच: संहिता तालमी सुरू व्हायच्या आधी पाठवा, कारण काट मारलेली वाक्यं तिसऱ्या अंकातल्या नटाच्या तोंडातून शेवटच्या आठवड्यात निघत नाहीत.

पुस्तक छापल्यानंतर सरकार ते जप्त करू शकतं, पण कारणं लिहून. त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. कारणं कच्ची असली की काय होतं ते प्रश्न ३ मध्ये आलंय.

९. सेन्सॉर झालेला सिनेमा कुणी दमदाटी करून बंद पाडला तर?

गर्दी चिडेल म्हणून सिनेमा थांबवणं म्हणजे दमदाटीपुढे शरण जाणं, असं रंगराजन निकाल सांगतो. संरक्षण देणं हे पोलिसांचं काम. ते जमत नाही ही सबब चालत नाही. थिएटरच्या मालकाला फुटलेल्या काचांची चिंता असते, हे मी समजू शकतो, पण तो प्रश्न वेगळा.

१०. कवितेत शिवी किंवा उघडं वर्णन आलं तर?

अश्लीलतेचा कायदा मराठी लेखकांच्या पाठीवर बराच घासला गेलाय. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांना उच्च न्यायालयाने दोषी धरलं होतं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं: दोन-चार वाक्यं उचलून बघायची नाहीत, कथा पूर्ण वाचायची, आणि काळाबरोबर समाजाची मापं बदलतात हे धरायचं. २०१४ पासून 'आजच्या समाजाचं माप' हीच अधिकृत कसोटी आहे.

तिला एक अपवाद आहे, आणि तोही मराठी. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशक-मुद्रकाला सोडलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घातली की तेच माप अधिक कडक लावायचं, असं कोर्ट म्हणालं. '१९(२) मध्ये आदरणीय व्यक्ती कुठे आहेत?' असं तुम्ही विचाराल. आम्हीही तेच विचारतो.

११. गणपतीत डॉल्बी लावणं ही आमची अभिव्यक्ती नाही का?

नाही. बोलायचा हक्क आहे तसा न ऐकायचाही आहे, आणि भोंगा लावून कुणाच्या कानात आवाज कोंबणं हा मूलभूत हक्क नाही, असं २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. यात्रेतल्या तमाशाची कुचंबणा होते ती इथेच: फड रंगायची वेळ आणि माईक बंद करायची वेळ एकच.

१२. वाढदिवसाच्या फ्लेक्सला परवानगी कशाला?

मजकुरासाठी नाही, जागेसाठी. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलक काढायचे आदेश दिले, तेव्हाही प्रश्न चौकाचा आणि खांबाचा होता. पण एकाच चौकात एका पक्षाचा फ्लेक्स राहतो आणि दुसऱ्याचा तासाभरात उतरतो, तेव्हा तो नक्कीच मजकुराचा प्रश्न होतो. दोन्हींचे तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा.

१३. जिल्ह्यात ३७(१)(३) लागू आहे. मग मोर्चा विसरायचा?

विसरायचा नाही, अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोलीस कायद्याच्या ३७(३) खालची जमाव-मिरवणुकांची मनाई राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून पेपरात दर पंधरवड्याला नवा आदेश दिसतो. असे आदेश पाठोपाठ काढून रास्त मत दाबता येणार नाही, असं २०२० च्या अनुराधा भसीन निकालात जमावबंदीच्या १४४ कलमाबाबत म्हटलंय. तोच मुद्दा इथे मांडता येतो. नकार आला तर कारणांसह लेखी मागा.

१४. मी झेडपीचा शिक्षक. बदली धोरणावर पोस्ट टाकू का?

नोकरीत शिरताना मूलभूत हक्क गेटवर ठेवावे लागत नाहीत, हे १९६२ च्या कामेश्वर प्रसाद निकालाने ठरलंय. निदर्शनं चालतात, संपाचा मूलभूत हक्क नाही. पण जिल्हा परिषद सेवेचे १९६७ चे वर्तणूक नियम शासनाच्या धोरणावर जाहीर टीकेला मनाई करतात. गुन्हा होणार नाही. खातेनिहाय चौकशी होऊ शकते. संघटनेच्या लेटरहेडवरून निवेदन द्या. तोच मजकूर, धोका कमी.

१५. फेसबुकने पोस्ट काढली किंवा खासगी कंपनीने पोस्टवरून कामावरून काढलं तर कलम १९ चालतं?

२०२३ च्या कौशल किशोर निकालात चार विरुद्ध एक अशा मताने कोर्ट म्हणालं की हा हक्क सरकारशिवाय इतरांविरुद्धही बजावता येतो. कागदावर दार उघडलं आहे. त्यातून आत कसं शिरायचं हे निकालात नाही. कामावरून काढलं असेल तर आज तरी कामगार कायद्याचा रस्ता धरा. याच निकालात ती आठ कारणांची यादी पूर्ण आहे, त्यात कोर्टालाही भर घालता येणार नाही, असंही म्हटलंय. प्रश्न १० च्या शेवटी जे विचारलं ते म्हणूनच.

१६. गुन्हा रद्द करायला मुंबईलाच जावं लागतं का?

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. सांगलीहून सकाळच्या एसटीने निघालात तर कोर्टाचं कामकाज सुरू व्हायच्या आत पोचता. येताना एफआयआरची प्रत, ३५(३) ची नोटीस, मूळ पोस्टची लिंक आणि पोस्टखालच्या सगळ्या कमेंट्सचे स्क्रीनशॉट आणा. फक्त तुमच्या बाजूच्या नाही, सगळ्या.